जेल होताच उजेड मंदावतो: रेणू बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने ओपीव्ही, म्हणजे ऑलिगो-फेनिलिनव्हिनिलिन गटातला एक रेणू बनवला आहे. दोन्ही टोकांना अमाइड (शेजारच्या रेणूशी हायड्रोजन बंध करणारा गट), बाजूंना लांब अल्किल, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. क्लोरोफॉर्ममध्ये तो यूव्ही दिव्याखाली लख्ख निळा-हिरवा चमकतो. मिथिलसायक्लोहेक्झेनमध्ये गरम करून थंड केला की जेल होतं, पण ते पिवळसर आणि मंद दिसतं. टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, एका खेपेला सुरेख तंतू, पुढच्या खेपेला नुसते गोळे. गाइडनी सुचवलंय की टेट्राफेनिलएथिलीन, म्हणजे दाटीत चमकणारा एक गट, जोडून नवा रेणू करावा. तिचं विचारणं एवढंच: रेणू बदलू का?

उत्तर आधी सांगतो: अजून नको. तुमच्या रेणूवर अजून अन्याय होतोय असं मला वाटतं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. जेल मंद का, हा एक. दर खेपेला वेगळं का निघतं, हा दुसरा. पहिला डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी दुसरा सोडवायला लावतो. ज्या पदार्थाची रचनाच दर वेळी बदलते, त्याचा उजेड मंद आहे या विधानाला फारसा अर्थ उरत नाही. नेमक्या कुठल्या रचनेचा उजेड मंद, हे आधी ठरायला हवं.

पुढे जे लिहितोय त्यातलं किती लागू पडेल, हे तुमच्या संहतीवर (द्रावण किती दाट आहे त्यावर), साखळ्यांच्या लांबीवर, अमाइड मुख्य वलयांपासून किती दूर आहे यावर आणि जेल किती शिळं आहे यावर अवलंबून राहील. पदार्थ कशासाठी हवा, यावरही. तंतूंमधून ऊर्जा पुढे वाहून न्यायची असेल, तर थोडा मंद पण सुबक तंतू हा तेजस्वी गोळ्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

आधी एक गैरसमज दूर करू. रेणू नीट रचले की प्रकाश विझतो, हे अनेक जण नियमासारखं पाठ करून येतात. १९५४ मध्ये फोर्स्टर आणि कास्पर या शास्त्रज्ञांनी पायरीन या चमकणाऱ्या रेणूचं द्रावण दाट करत नेलं, तेव्हा सुट्या रेणूचं जांभळट उत्सर्जन कमी होत गेलं आणि सुमारे ४७० ते ४८० नॅनोमीटरला एक रुंद निळा पट्टा वाढत गेला. उत्तेजित रेणू शेजारच्या साध्या रेणूला बिलगून एक्सायमर बनतो, त्याचा तो पट्टा. जवळ आल्याने सुट्या रेणूचा उजेड जातो हा धडा तिथून सगळीकडे पसरला. पण त्याच्याही आधी, १९३६-३७ मध्ये, इंग्लंडमध्ये जेली आणि जर्मनीत शाइबं यांनी स्यूडोआयसोसायनिन या रंगद्रव्यावर काम करताना नेमकं उलट पाहिलं होतं. रेणू पाण्यात एकत्र आले की सुमारे ५७० नॅनोमीटरला एक अतिशय अरुंद शोषणपट्टा उगवतो, आणि एरवी जवळजवळ न चमकणारं हे रंगद्रव्य चमकायला लागतं. द्रावण पुरेसं दाट असेल तर ते जेलसारखं घट्टही होतं. म्हणजे क्रमबद्ध, मऊ आणि प्रकाश देणारा पदार्थ आपल्याला जवळपास ९० वर्षांपासून ठाऊक आहे.

या दोन्ही गोष्टी एका चौकटीत बसवल्या कॅशा या शास्त्रज्ञाने, १९६० च्या दशकात. प्रत्येक रेणूत प्रकाश शोषताना विद्युतभार एका ठराविक दिशेने हलतो. रेणू एकावर एक अगदी बरोबर बसले, तर शोषण जास्त ऊर्जेच्या, म्हणजे निळ्या बाजूला सरकतं. उत्तेजित ऊर्जा लगेच खालच्या पातळीवर घसरते, आणि तिथून प्रकाश म्हणून बाहेर पडणं जवळजवळ निषिद्ध असतं. ही एच प्रकारची चळत. रेणू एकमेकांवरून पुरेसे सरकलेले असतील, तर खालच्याच पातळीवरून प्रकाश बाहेर पडायला मोकळीक असते. शोषण तांबड्या बाजूला जातं, पट्टा अरुंद होतो, उत्सर्जन जोमदार होतं. ही जे प्रकारची, शोधणाऱ्या जेलीच्या नावाने. साध्या गणितात सीमारेषा ५४.७ अंशांवर येते: चळतीचा अक्ष आणि भार हलण्याची दिशा यांतला कोन त्याहून कमी असला तर जे, जास्त असला तर एच. प्रत्यक्ष रेणू एवढे सोपे वागत नाहीत, पण मुद्दा पक्का आहे. क्रम आणि प्रकाश यांचं वैर नाही. रेणू किती सरकून बसले, यावर सगळं आहे. आणि ते सरकणं तुमच्या रेणूच्या रचनेइतकंच, तुम्ही त्याला कसं थंड केलंत यावर ठरतं.

आता तुमचं पिवळं जेल. ते खरंच पिवळं आहे का, हे पहिलं तपासा. हे हास्यास्पद वाटेल, पण हिशेब करून पाहा. ओपीव्हीचा मोलर शोषणांक (रेणू प्रकाश किती जोराने शोषतो त्याचं माप) ४०,००० धरला आणि जेल १ मिलिमोलर असेल, तर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजमापाच्या काचपात्रात, शोषणमूल्य ४० येतं. म्हणजे पहिल्या पाव मिलिमीटरमध्येच ९० टक्के प्रकाश संपला. आतून निघालेल्या उत्सर्जनाचा निळा भाग बाहेर येता येता शेजारचे रेणू पुन्हा शोषतात आणि डिटेक्टरला मिळतो तो पिवळा उरलेला भाग, तोही कमी. अशी आकृती लोक ‘रेणू एकत्र आल्याचा पुरावा’ म्हणून लावतात, तेव्हा मला वाईट वाटतं. जेलसाठी ०.१ किंवा १ मिलिमीटरचा क्युव्हेट घ्या, मोजमाप समोरच्या पृष्ठभागावरून करा, आणि क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत बाहेर पडतो ते) हवं असेल तर सगळ्या दिशांचा उजेड गोळा करणारा पोकळ गोल, म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर वापरा. सौम्य द्रावणात शोषणमूल्य ०.१ च्या खाली ठेवा. यूव्ही दिव्याखाली काढलेला फोटो मोजमापाच्या जागी वापरू नका.

एवढं करूनही जेल पिवळंच निघालं, तर ते पिवळं कुणाचं हे शोधा. पट्टा रुंद, त्यात रेणूच्या कंपनांमुळे येणाऱ्या लहान शिखरांच्या पायऱ्या दिसत नाहीत आणि उत्सर्जनाचा आयुष्यकाळ सुट्या रेणूपेक्षा लांबला असेल, तर एक्सायमरचा संशय घ्या. शोषणातच तांबड्या बाजूला स्पष्ट नवं शोल्डर (शिखराला लागून फुगवटा) आलं असेल आणि आयुष्यकाळ आखडला असेल, तर जे-स्वभावाची चळत असण्याची शक्यता वाढते. एक्सायटेशन स्पेक्ट्रम जरूर काढा. पिवळा प्रकाश नेमका कुठल्या शोषणातून जन्माला येतो हे त्यात कळतं, आणि बरेच विद्यार्थी नेमका तोच काढत नाहीत. ओपीव्हीऐवजी पेरिलीन बिसइमाइड हे रंगद्रव्य असेल तर आणखी सोपी खूण आहे: सुट्या रेणूत ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर ४९० च्या शिखरापेक्षा उंच असतं, एच प्रकारात ते गुणोत्तर उलटतं. ओपीव्हीत पायऱ्या इतक्या ठळक नसतात, म्हणून तिथे तापमान बदलत काढलेली मालिका जास्त बोलते.

इथून मूळ गोष्टीकडे येतो. गोळे आणि तंतू हे बहुधा एकाच रेणूने घेतलेल्या दोन वाटा आहेत.

घरी लोणी कढवून केलेलं तूप सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं, झटकन गार केलं तर गुळगुळीत थिजतं. तूप तेच. तुमच्या बाटलीत हेच घडतंय, फक्त इथे कण काही नॅनोमीटर रुंदीचे आहेत. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये मायर यांच्या गटाने २००६ मध्ये हायड्रोजन बंधांनी जुळणाऱ्या ओपीव्हीवर हे फार सुंदर दाखवलं. आधी मोजके रेणू जुळून एक बीज व्हावं लागतं. ते अवघड असतं. बीज झालं की पुढची वाढ सोपी. २०१२ मध्ये त्याच गटाने ओपीव्हीच्याच एका रेणूला मिथिलसायक्लोहेक्झेनमध्ये दोन वेगळ्या पिळांचे तंतू करताना पकडलं: एका दिशेचा पिळ झटकन होतो पण टिकाऊ नसतो, दुसरा सावकाश होतो आणि शेवटी तोच उरतो. मग २०१४ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या एनआयएमएस संस्थेत सुगियासु आणि ताकेउची यांच्या गटाने पोर्फिरिन या गटातल्या एका रंगद्रव्यावर असं दाखवलं की आधी जे प्रकारचे गोल कण तयार होतात, आणि पुष्कळ वेळाने त्यांच्या जागी एच प्रकारचे तंतू येतात. तयार तंतूंचे तुकडे बीज म्हणून टाकले, तर वाढ हवी तेव्हा सुरू करता येते. गोळे आणि तंतू, आणि दोघांचा प्रकाशाशी वागण्याचा ढंग वेगळा! तुमच्या दोन टीईएम चित्रांकडे या नजरेने पुन्हा बघा.

म्हणून थंड करण्याची पद्धत वहीत रसायनाच्या वजनाइतक्या काटेकोरपणे लिहा. ‘गरम करून खोलीच्या तापमानाला आणलं’ हे वाक्य माझ्याकडे वहीत चालत नाही. खोली कुठली? पंखा चालू होता का? बाटली टेबलावर होती की बर्फात? मी असं करायला सांगतो: बूच घट्ट लावून द्रावण ९० अंश सेल्सिअसपर्यंत न्या. मिथिलसायक्लोहेक्झेन १०१ अंशांना उकळतं, त्यामुळे फार वर जागा नाही. तिथे स्पेक्ट्रम काढून तो क्लोरोफॉर्ममधल्या सुट्या रेणूसारखाच आहे याची खात्री करा. तसा नसेल तर जुन्या बियांसकट सुरुवात होतेय, आणि पुढचं सगळं त्या बियांच्या हातात जाईल. अशा वेळी डेकेन किंवा डोडेकेनकडे वळा, त्यांना जास्त तापवता येतं. मग मिनिटाला १ अंश, जमलं तर त्याहून हळू, थंड करत एका तरंगलांबीवर शोषण नोंदवत चला. तसंच परत तापवा. थंड होताना आणि तापताना वक्र वेगवेगळे आले, तर बीज होण्यात अडथळा आहे आणि वेग महत्त्वाचा आहे हे सिद्ध झालं. मग तोच नमुना एकदा झटकन बर्फात टाकून करा. गोळे कुठल्या वाटेने येतात, तुम्हाला लगेच कळेल.

क्लोरोफॉर्ममधलं दाट द्रावण अल्केनमध्ये पिपेटने सोडून जेल करत असाल, तर ते सध्या थांबवा. त्या क्षणी प्रत्येक थेंबाभोवती वेगळी संहती असते आणि घाईची रचना हमखास होते. शिवाय क्लोरोफॉर्मच्या बाटलीवरचं लेबल वाचा. बाजारातल्या बऱ्याच क्लोरोफॉर्ममध्ये स्थैर्यासाठी अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेलं असतं, काहींत अमिलीन हे दुसरं स्थैर्यकारक. इथेनॉल हायड्रोजन बंध करतं, म्हणजे तुमच्या अमाइडशी थेट स्पर्धा. बाटली संपून दुसऱ्या कंपनीची आली आणि जेल बदललं, तर त्याचं कारण इथे असू शकतं.

आणि पाणी. यावर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या हवेत ते टाळता येत नाही. अल्केनमध्ये पाणी विरघळतच नाही असं आपण धरून चालतो. विरघळतं; संपृक्त असेल तर मिलिमोलरच्या घरात. तुमचं मोजमापाचं द्रावण २० मायक्रोमोलर असेल, तर पाण्याचे रेणू तुमच्या रेणूंपेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त भरतात. २०१८ मध्ये आइंडहोव्हनच्या गटाने दाखवलं की तेलकट द्रावकांत असं एकटं पडलेलं पाणी हायड्रोजन बंधांसाठी आतुर असतं, ते तंतूच्या रचनेत शिरतं आणि रचना बदलूनही टाकतं. कोरड्या युरोपी हिवाळ्यातसुद्धा हे दिसतं, तर जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत काय होत असेल याचा विचार करा. मे महिन्यात मिळालेला निकाल पावसाळ्यात मिळत नाही, ही तक्रार मी अनेक प्रयोगशाळांतून ऐकली आहे, आणि दोष बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. द्रावक ताज्या तापवलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांवर ठेवा. मग मुद्दाम पाण्याने संपृक्त केलेल्या द्रावकातही एकदा तोच प्रयोग करा. दोन्हींत फरक पडला तर तो तुमच्या प्रबंधातला एक परिच्छेद झाला. नाही पडला तर एक काळजी मिटली.

इथवरचं थोडक्यात: मोजमाप जाड थरातलं असेल तर पिवळेपणावर विश्वास नको, थंड करण्याचा वेग आणि सुरुवातीचं तापमान बांधून घ्या, द्रावकातलं इथेनॉल आणि पाणी ताब्यात घ्या. यातलं काहीच नव्या संश्लेषणाइतकं वेळखाऊ नाही.

टीईएमबद्दल एवढंच सांगेन की ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) थेंब वाळताना संहती काही सेकंदांत कैक पटींनी वाढते, आणि दिसतो तो वाळतानाचा इतिहास. गोळे बाटलीत होते की ग्रिडवर झाले, हे फक्त टीईएम सांगत नाही. तुमचा रेणू चमकतो हे तुमचं भाग्य आहे: फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली जेल ओलं असतानाच पाहता येतं, रंगही दिसतो. सोबत द्रावणातल्याच कणांचा आकार सांगणारं स्मॉल-अँगल एक्स-रे मिळालं तर उत्तम. दोन वेगळ्या पृष्ठभागांवर एएफएम (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) केलंत तरी पुष्कळ कळेल.

आता मंदपणाचं असं एक कारण, जे रचना अगदी सुबक असली तरी उरतं. क्रमबद्ध तंतूत उत्तेजित ऊर्जा एका रेणूवर थांबत नाही, ती शेजाऱ्यांवरून पुढे पुढे सरकत जाते. वाटेत कमी ऊर्जेची जागा भेटली की तिथे अडकते. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर संस्थेत अजयघोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ओपीव्हीचं पहिलं ऑर्गॅनोजेल प्रसिद्ध केलं, आणि पुढच्या वर्षांत याच गुणाचा सुरेख उपयोग केला: जेलमध्ये एक-दोन टक्के ग्राहक, म्हणजे ऊर्जा स्वीकारणारं रंगद्रव्य मिसळलं की ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि रंग बदलतो. निसर्गात हरित गंधक जिवाणूंची क्लोरोसोम, म्हणजे त्यांच्या पेशीतल्या प्रकाश टिपणाऱ्या पिशव्या, हेच करतात. तिथे बॅक्टेरिओक्लोरोफिलचे रेणू प्रथिनांच्या आधाराशिवाय आपसांतच रचले जातात आणि अंधुक उजेडातली ऊर्जा गोळा करतात.

पण यातच तुमच्यासाठी इशारा आहे. मुद्दाम घातलेलं एक टक्का रंगद्रव्य जेलचा रंग बदलू शकतं, तर नकळत राहिलेली एक टक्का अशुद्धी जेल विझवूही शकते. सौम्य द्रावणात ती कळत नाही, कारण तिथे रेणू एकमेकांपासून लांब असतात. रेणू विटिग पद्धतीने (दुहेरी बंध जोडण्याची एक अभिक्रिया) बनवला असेल तर अर्धवट राहिलेलं अल्डिहाइड आणि सिस समघटक (दुहेरी बंधाशी वाकडा, सरळ ट्रान्सऐवजी) तपासा. आयोडीनच्या कणभर उपस्थितीत उकळून सिस ट्रान्समध्ये वळवता येतो, पण नंतर ते आयोडीन पूर्ण काढायला विसरू नका, तेही उजेड विझवतं. पॅलेडियम वापरणारी हेक किंवा सुझुकी अभिक्रिया असेल तर त्या धातूचे अवशेष. एनएमआर स्वच्छ दिसला म्हणजे झालं असं नाही. एक टक्का अशुद्धी आधाररेषेत सहज लपते. कॉलमने (क्रोमॅटोग्राफीने) शुद्ध केल्यावर पुन्हा स्फटिकीकरण करा आणि त्याच पद्धतीने जेल बनवून उजेड मोजा. उजेड वाढला तर पुन्हा एकदा करा. वाढणं थांबेपर्यंत करत राहा. आणि नमुना यूव्ही दिव्याखाली मिरवत ठेवू नका. हवेतल्या ऑक्सिजनसमोर व्हिनिलिन बंध प्रकाशाने खराब होतात, आणि तयार झालेलं कार्बोनिल पुन्हा ऊर्जा अडकवण्याची जागा बनतं.

गाइडच्या सूचनेबद्दल. ती चुकीची नाही, फक्त ती वेगळ्या ध्येयाची आहे. २००१ मध्ये हाँगकाँगमध्ये बेन झाँग तांग यांच्या गटाने सिलोल या गटातल्या एका रेणूवर पाहिलं की सुटा असताना न चमकणारा रेणू एकत्र आल्यावर चमकतो. टेट्राफेनिलएथिलीन त्याच स्वभावाचं: सुटं असताना त्याची फेनिल वलयं हलत राहतात आणि ऊर्जा त्यात वाया जाते, दाटीत ती हालचाल अडते. पण हीच चार वलयं एका प्रतलात बसत नाहीत, पिळलेली राहतात, म्हणून सपाट ओपीव्हीसारखी चळत त्यांना जमत नाही. टीएचएफ या द्रावकात ९० टक्के पाणी घालून मिळालेला लखलखाट बऱ्याचदा अस्ताव्यस्त कणांचा असतो. तुम्हाला घन अवस्थेत चमकणारा संवेदक हवा असेल तर खुशाल त्या वाटेने जा. क्रमबद्ध तंतू हवे असतील तर ती वाट सहसा दूर नेते. निव्वळ मऊ आणि प्रकाशमान पदार्थ हवा, क्रमाची गरजच नाही, असं असेल तर आणखी एक वाट आहे: वलयांभोवती फाटे फुटलेल्या जाड साखळ्या लावून रेणू एकमेकांपासून दूर ठेवायचे, म्हणजे तो खोलीच्या तापमानाला द्रवच राहतो आणि सुट्या रेणूसारखा चमकतो. एनआयएमएसमध्ये नाकानिशी आणि संतोष बाबू यांनी असे ओपीव्ही आणि अँथ्रासीनचे द्रव केले. बाबू यांचं त्यापुढचं काम पुण्याच्या एनसीएलमध्ये झालं.

आणि द्रावकाविना क्रम हवा असेल तर द्रवस्फटिकांचा, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण क्रम राखणारे पदार्थ, यांचा विचार करा. थाळीसारख्या चपट्या रेणूंच्या स्तंभांचा द्रवस्फटिक १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी प्रथम दाखवला. तुमच्या रेणूला लांब साखळ्या आहेतच. डीएससी (तापवताना अवस्था कधी बदलते ते दाखवणारं मोजमाप) करा, हॉट स्टेज, म्हणजे तापवता येणारं पीठ लावून ध्रुवित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली पाहा. अशी अवस्था सापडली तर त्या तापमानाला नमुना काही काळ ठेवून क्रम सुधारता येतो. एका दुपारचं काम आहे.

रेणू कधी बदलावा? कोरडा द्रावक, शुद्ध केलेला नमुना, सावकाश थंड करणं, पातळ क्युव्हेट, हे सगळं झाल्यावर तेच तंतू पुन्हा पुन्हा मिळाले, आणि तरी शोषण निळ्या बाजूला सरकलेलं व उजेड मंद राहिला, तर तुमच्या रेणूची स्थिर रचनाच एच प्रकारची आहे असं समजा. तेव्हाही मी टेट्राफेनिलएथिलीनने सुरुवात करणार नाही. आधी रेणूंना एकमेकांवरून सरकवायला भाग पाडणारा छोटा बदल करेन: अमाइडची जागा वलयापासून एका कार्बनने पुढे-मागे, किंवा बाजूच्या साखळीला पहिल्याच कार्बनजवळ फाटा. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये वुर्थनर यांच्या गटाने २००७ मध्ये पेरिलीन बिसइमाइडच्या बाजूंना फेनॉक्सी गट लावून आणि इमाइडचे हायड्रोजन बंध मोकळे ठेवून जे प्रकारच्या, चांगल्या चमकणाऱ्या चळती मिळवल्या, त्या याच विचाराने. गाइडकडे जाताना सावकाश आणि झटकन थंड केलेल्या नमुन्यांचे स्पेक्ट्रम एकाच आलेखावर काढून न्या. कुठला बदल आधी करायचा, हे त्या आलेखावरूनच ठरवता येईल.